तांबडी तार, पांढरी तार

बल्ब उडाला तेव्हा लामिदीची इस्त्री लामिदीच्या काखेत होती. जुन्या चादरीत गुंडाळलेली, तिच्याच वायरनं आवळून बांधलेली. तो माझ्या दारात उभा राहून खोलीची किल्ली पुढे करत होता, मी जेवत होते, आणि डोक्यावर खाटकन आवाज होऊन नखाएवढा काचेचा तुकडा माझ्या आमालाच्या, म्हणजे कंदाच्या पिठाच्या उकडीच्या, गोळ्यावर येऊन बसला. दुपारचे दोन वाजले होते, पण आभाळ भरून आलेलं, त्यामुळे खोली एकदम काळवंडली. लामिदीच्या मागे त्याची बायको मोरियामो होती, एक जुळं पाठीला बांधलेलं, दुसरं खांद्यावर. ती वर होल्डरकडे बघत राहिली, मग नवऱ्याच्या काखेकडे, मग माझ्याकडे. "इया," ती म्हणाली, "इस्त्री त्यांच्या काखेत आहे." एवढंच. आवाज चढवला नाही, हात नाचवले नाहीत. मला आई म्हणूनच हाक मारली, जशी रोज मारते. मी म्हटलं, "दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत माझे." लामिदीनं किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि दोघं गेली. बाहेर त्यांचं सामान रचलेलं होतं: शिवणयंत्र, गाद्या, पातेली, जुळ्यांचं टोपलं. टेम्पो तीन वाजता येणार होता.

मी काचेचा तुकडा बोटानं उचलून ताटाच्या कडेला ठेवला. जेवण टाकून उठायला हवं होतं, काच पोटात गेली तर काय होतं ते मला ठाऊक आहे, पण मी बसून राहिले. या वस्तीत बल्ब का उडतात हे सांगणारी बाई मी. आमच्या इबादान शहरात विजेचं काम करणाऱ्या बायका आज बोटांवर मोजाव्या लागतील, आणि त्यातल्या पहिल्या बोटावर मी आहे, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. मला मूल झालं नाही. आमच्याकडे बाईला तिच्या पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात, अमक्याची आई, तमक्याची आई, आणि ज्या बाईला लेकरूच नाही तिच्यापाशी येऊन लोकांची जीभ अडखळते. माझ्यापाशी कुणाची अडखळली नाही. तंत्रशाळेतून बाहेर पडले आणि एका वर्षात मी या वस्तीतल्या बावीस घरांत तारा ओढल्या आणि लोकांनी मला इया इना म्हणायला सुरुवात केली, दिव्याची आई. अजून म्हणतात. मी बाजारात गेले की भाजीपेक्षा प्रश्नच जास्त पिशवीत पडतात. "इया इना, आमचा बल्ब आठ दिवसांत जातो, का हो?" आणि मी एक बोट वर करून सुरू करते. एक, बल्बच स्वस्तातला आहे, आतली तार केसासारखी बारीक. दोन, बंद काचेच्या भांड्यात बसवलाय, उष्णता जायला वाट नाही, स्वतःच्याच घामानं मरतो. तीन, होल्डर सैल आहे, आत ठिणगी पडते. चार, हादरा. शेजारच्या गल्लीतल्या वुराओलाची मिरची दळायची गिरणी आहे, तिच्या घरात बल्ब पंधरा दिवस टिकला तर जत्रा भरवावी. तिला मी सांगितलंय, "बाई, तुझी गिरणी तुझ्या बल्बांना खाते." पाच, लाईट सारखी जाते आणि येते, आणि येते तेव्हा लाथ मारून येते. लोक माना डोलावतात. मला ते आवडतं, नाही कशाला म्हणू?

सहावं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते मला तीन वर्षं ठाऊक होतं. लामिदीनं अंगणापलीकडच्या, समोरच्या खोल्यांच्या ओळीत इस्त्री लावली की माझ्या ओळीतला बल्ब पांढराशुभ्र व्हायचा, डोळ्यांत खुपेल इतका. त्यानं इस्त्री काढली की पुन्हा पिवळा. त्याच वेळी त्याच्या ओळीतले बल्ब मात्र विझत आल्यासारखे लाल. याचा अर्थ तंत्रशाळेतल्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. आमच्या घरात खांबावरून वीज तीन तारांनी येते, खोल्यांच्या ओळींत वाटली जाते आणि चौथ्या एकाच तारेनं परत जाते. ती परतीची तार कुठं सैल झाली की घरातला न्याय संपतो. जायला वाट न मिळालेली वीज एका ओळीतून दुसऱ्या ओळीत घुसते, आणि ज्या ओळीत नुसता एखादा बल्ब टांगलेला असतो त्याच्यावर सगळं ओझं पडतं. बल्ब म्हणजे काय, एक केसाएवढी तार. तो तरी किती सोसणार? हे मला ठाऊक होतं. मागच्या पडवीतल्या मोठ्या बोर्डाला हात लावला की कोमट लागायचा, हेही ठाऊक होतं. अधूनमधून वाळवलेल्या मासळीसारखा वास यायचा, आणि मी मासळीवरच ढकलायची.

ढकलायची, कारण त्या बोर्डात बाबांचा सांधा होता. माझे बाबा, शांगोबियी. त्यांना लिहिता येत नव्हतं. विजेच्या तारा ओढणाऱ्या टोळीत ते खड्डे खणायला लागले आणि खांबावर चढायला शिकले, आणि या वस्तीतलं पहिलं दिवे असलेलं घर त्यांनी स्वतःच्या हातानं केलं, म्हणजे हेच घर. आमचं घराणं शांगोचं, विजेच्या आणि कडकडाटाच्या देवाचं. कुठं वीज पडली की आजोबांना बोलावणं यायचं, तांबडे-पांढरे मणी घालून ते जायचे आणि पडलेल्या विजेचा दगड जमिनीतून शोधून काढायचे. बाबा म्हणायचे, "त्यांनी वरची वीज सांभाळली, मी खालची सांभाळतो. घरचाच धंदा आहे." परतीच्या तारेचा सांधा त्यांनी सात पिळांचा केला, वर कथलाचा डाक दिला, वर कापडी पट्टी, आणि त्या पट्टीवर तांबडा दोरा. तो दोरा विजेसाठी नव्हता. तो सही होता. "माझा सांधा उघडणारा माणूस मला तोंडावर खोटारडा म्हणतो," हे त्यांचं वाक्य सगळ्या इलेक्ट्रिशियन लोकांना पाठ होतं, आणि कुणी उघडला नाही. बोर्डाच्या डोक्यावर ते वर्षातून एकदा कडू कोलाचं फळ ठेवायचे. पाद्रीसाहेब एकदा बघून गेले आणि पुढच्या रविवारी माझ्यावर घसरले. तंत्रशाळेत नाव घालताना मुख्याध्यापकांनीही सुचवलं होतं, नावातला शांगो काढ, त्याजागी देव घाल, आजकाल सगळे बदलतात. मी शांगोवेमी. मी म्हटलं, "साहेब, विजेचं काम शिकायला आलेय आणि विजेचंच नाव टाकू?" साहेब हसले. वर्गातली पस्तीस पोरं हसली. मी त्या वर्षी पहिली आले, मग कुणी हसलं नाही.

बाबा गेले आणि पुढच्याच पावसाळ्यात घरात बल्ब उडायला लागले. आधी महिन्यानं, मग पंधरवड्यानं, मग आठवड्यानं. भाडेकरू म्हणाले, म्हाताऱ्याबरोबर घराचं तेज गेलं. मी मनात म्हटलं, तेज नाही गेलं, पीळ गेला. शेवटी हातानं पिळलेली तार ती, किती वर्षं धरणार? आणि मी ठरवलं की हे कुणाला कळू द्यायचं नाही. आता लिहिताना हे किती सोपं वाटतं, पण तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. खरंच वाटायचा. निरक्षर बापाची चूक शिकलेली लेक पदराखाली घेते आहे, कुणाला न सांगता, स्वतः दर आठवड्याला नवा बल्ब लावून. बोर्ड उघडला तर कुणीतरी बघणार, विचारणार, आणि वस्तीभर होणार की शांगोबियीचा सांधा सुटला. म्हणून मी बोर्ड उघडला नाही आणि लोकांना पाच कारणं सांगत राहिले. मग लामिदीनं मोठी इस्त्री आणली, जड, लग्नाचे कपडे करायला, आणि माझा बल्ब दिवसाआड जायला लागला. अंगणात सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, "तुझी ती इस्त्री सगळ्या घराची वीज पिते. एकट्यासाठी सगळ्यांनी अंधारात बसायचं का? महिनाअखेर खोली रिकामी कर." तो म्हणाला, "इया, माझ्याच खोलीत तर दिवा लाल असतो. पिते म्हणता, मग पोटात काय जातं माझ्या? शिवणयंत्राची मोटार जळली त्या लाल दिव्यात." मी म्हटलं, "वीज मला शिकवतोस?" त्याच्या शेजारच्या खोलीतले फाकुन्ले मास्तर दारात दात कोरत होते, ते म्हणाले, "लामिदी, माशाला पोहायला शिकवू नये." सगळे हसले. लामिदी पण हसला, मग आत गेला. तिसऱ्या महिन्यातली जुळी घेऊन ती माणसं शहराबाहेर निघाली होती, जिथं लाईटच नाही, जिथं त्याला पुन्हा कोळशाची इस्त्री फुंकत बसावं लागणार होतं आणि लग्नाचे कपडे घेऊन तिथवर कोण जाणार होतं? हे सगळं मला कळत होतं. मी रोज रात्री अंथरुणावर पडून स्वतःला सांगायची, तो तरुण आहे, करील काहीतरी. बाबा मात्र आता काहीच करू शकत नाहीत.

आणि आता इस्त्री काखेत. ताटातला आमाला गार होऊन त्यावर साय धरली होती. मी उठले, अंगण ओलांडून समोरच्या ओळीत गेले. फाकुन्ले मास्तरांच्या खोलीत विजेची शेगडी जेमतेम लाल झाली होती, तिच्यावर पातेलं. मास्तर गडबडले. "जुळ्यांना निघायच्या आधी आंघोळ घालायची म्हणत होती ती," ते म्हणाले, "त्यांची चूल बांधून झाली, म्हणून मी म्हटलं आण इकडे. आता मलाही खोली सोडायला लावता का, इया?" ते थट्टेत म्हणाले, पण त्यांचं तोंड थट्टेचं नव्हतं. मी म्हटलं, "पाणी तापलं का?" ते म्हणाले, "कसलं तापतंय, तास झाला." मी म्हटलं, "उतरवा. मी सगळी लाईट काढतेय." मास्तरांनी डोळे वर केले. "का? कंपनी रोज काढतेच की, तुम्ही कशाला कष्ट घेता?" मी पडवीकडे चालू लागले. या गल्लीत मला उत्तर न देता जायची सवय नाही, आणि मास्तरांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते पातेलं तसंच हातात धरून माझ्या मागे आले.

मागच्या पडवीत मी तिन्ही फ्यूज उपसून स्टुलावर ठेवले. बाबांची हत्यारांची पेटी बोर्डाखालीच असते. माझी पेटी वेगळी, तिच्यात शाळेनं बक्षीस दिलेला पेचकसांचा संच, मापात एकेक. बाबांचा एकच पेचकस होता, मोटारीच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, स्वतः घासून केलेला, टोक वाजवीपेक्षा रुंद आणि एका बाजूला किंचित टवका. मी त्या पेचकसाला हसायची. ते म्हणायचे, "अवेरो, हत्यार हाताच्या मापाचं असतं, पुस्तकाच्या नाही." अवेरो हे माझं लाडाचं नाव, जन्मताना ठेवलेलं. ते फक्त वडीलधाऱ्यांनी घ्यायचं असतं. बाबा गेल्यापासून ते नाव मी ऐकलेलं नाही, कारण आता ते घेण्याएवढं म्हातारं कुणी उरलेलं नाही. मी माझ्या पेटीतला पेचकस घेतला आणि बोर्डाची फळी काढली.

आतून मासळीचा वास आला. मी बॅटरी आधी बाबांच्या सांध्यावर धरली, कारण तोच बघायला मी आले होते. तांबडा दोरा मळून काळा पडला होता, पण सुटला नव्हता. मी थांबले. चाळीसहून जास्त वर्षांचा दोरा. मग मी तो कापला, मनात काही म्हटलंही असेन, क्षमा वगैरे, आता आठवत नाही. कापडी पट्टी उलगडली तशी ती वाळल्या सालीसारखी तुटत गेली. आणि आतमध्ये सात पीळ होते. मोजले. सातही. कथील अजून चकाकत होतं. मी बोटानं ओढून बघितलं, पकडीनं ओढून बघितलं, पाय भिंतीला लावून ओढलं. हललं नाही. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, छाती भरून आली, मी मोठ्यानं "बाबा!" म्हटलं. मागे मास्तर म्हणाले, "काय झालं, झटका बसला?" आणि मग माझी बॅटरी खाली घसरली.

दोन वितींवर दुसरा सांधा होता. माझा. तंत्रशाळेतून बाहेर पडले त्या वर्षी आम्ही समोरची ओळ बांधली आणि खांबावरून तीन तारांची वीज घेतली. बाबा म्हणाले, तांब्याची तार घे. त्या वर्षी बाजारात तांबं मिळत नव्हतं, आणि मला तर नवीन अ‍ॅल्युमिनियमच वापरायचं होतं, हलकं, पांढरं, पुस्तकात चित्रं होती. बाबा म्हणाले, "तांबडी तार आणि पांढरी तार एका घरात नांदत नाहीत, अवेरो. एक जरा तापली की दुसरी रुसते. मी बघितलंय." मी म्हटलं, "बाबा, ते पिळाच्या सांध्यात. पुस्तकात स्क्रूचा जोड आहे, पितळी, आत मलम भरायचं, मग काही होत नाही." ते म्हणाले, "मग मलम भर." मलम बाजारात नव्हतं. मी ते भरलं नाही, आणि बाबांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे जोडाच्या डबीवर काय लिहिलंय ते विचारणारं कुणी नव्हतं. मी हे विसरले होते का? विसरले नव्हते. मी ते अशा जागी ठेवलं होतं जिथं आपण रोज जात नाही. आता बॅटरीच्या उजेडात तो पितळी जोड काळा ठिक्कर होता, पांढऱ्या तारेवर पिठासारखी भुकटी, आणि शेजारची फळी जळून तपकिरी झालेली. बोटानं हलवली तर तार आत लडबडली. हाच तो. तीन वर्षं बल्ब हाच खात होता, लामिदीची मोटार यानंच जाळली, आणि आणखी एखाद्या वर्षात त्यानं फळी पेटवली असती.

एवढ्यावर मी मनाशी म्हटलं असतं, ठीक आहे, चूक माझी, आणि संपवलं असतं. पण स्क्रूचं डोकं मला दिसलं. मी पेचकस लावायला गेले आणि माझ्या पेचकसाचं टोक खाचेत डुगडुगलं. खाच रुंद झाली होती. कडा झिजून गोल झालेल्या, आणि एका अंगाला एक बारीक टवक्याची खूण, एकावर एक, कितीतरी वेळा. मी बाबांची पेटी उघडली, तो पट्टीचा पेचकस काढला आणि खाचेत ठेवला. तो असा बसला की हात सोडला तरी पडला नाही. दर शुक्रवारी बाबा पडवीत यायचे आणि बोर्डावर तळहात ठेवून उभे राहायचे. मला वाटायचं, देवाचं करतात. भाडेकरूंनाही तेच वाटायचं, बायका मुलांना गप्प करायच्या, बाबा प्रार्थना करतायत. आता मी बोर्डाची फळी उचलून तिच्या जागी धरली, आणि आठवलं की त्यांचा हात कुठं असायचा. वर नाही, त्यांच्या सांध्यापाशी नाही. खाली, उजवीकडे. लाकडावर तिथं तेलकट डाग आहे, तळव्याएवढा, मी कितीदा पुसायला घेतला असेन. ते गरम लागतं का बघायचे. आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर मला बेरेच्या बाजाराला पाठवायचे, "जा, आमालाचं पीठ जुनं झालंय, तू स्वतः बघून आण," आणि मी परत यायची तेव्हा घरातली लाईट नुकतीच आलेली असायची. मी विचारायची, "गेली होती का?" ते म्हणायचे, "गेली होती. आली." वीसहून जास्त वर्षं. दुसऱ्याचा सांधा उघडणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं, हे सगळ्या शहराला सांगणारा माणूस लेकीचा सांधा दरसाल उघडून आवळत होता, आणि ती घरी यायच्या आत फळी बसवत होता. मी तीन वर्षं त्यांची अब्रू झाकत होते असं मला वाटत होतं. तीन वर्षांचं काय घेऊन बसलात.

मी तिथंच खाली बसले. रडले नाही, मास्तर होते. पण मला लाज वाटली नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल, आणि नुसती लाजच वाटली म्हटलं तर तेही खोटं. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो अभिमानाचा होता. असा माणूस माझा बाप. मला शाळेत पहिली आल्यावर सुद्धा एवढं उंच वाटलं नव्हतं. मी पितळी जोड उपटून फेकला, पांढरी तार जळकी होती तिथवर कापली, तांबडी आणि पांढरी, दोन्ही तारा माझ्या पेटीतल्या दोन धातूंच्या जोडात घातल्या, जो आता बाजारात मिळतो, आत मलम भरलं, जे आता बाजारात मिळतं, आणि बाबांच्या पेचकसानं आवळलं. बाबांच्या सांध्यावर नवी पट्टी गुंडाळली. तांबडा दोरा घरात नव्हता. मास्तर पातेलं खाली ठेवून धावत गेले आणि लामिदीच्या बांधलेल्या गाठोड्यातून रीळ घेऊन आले. मी दोरा दोन्ही सांध्यांवर बांधला. मास्तर म्हणाले, "इया, नक्की झालं काय होतं?" मी म्हटलं, "चला, सगळ्यांसमोर सांगते. दोनदा सांगायची ताकद नाही."

अंगणात टेम्पो आला होता. लामिदी गाद्या चढवत होता, मोरियामो जुळ्यांच्या टोपल्यावर कापड बांधत होती. सगळ्या खोल्यांतली माणसं बाहेर आली होती, लाईट अशी भर दुपारी, न कडाडता का गेली ते बघायला. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले. या अंगणात मी फार बोललेय, पण असं कधी बोलले नव्हते. म्हटलं, "लामिदी, इस्त्रीचा दोष नव्हता. या घरातले बल्ब उडत होते ते माझ्या सांध्यामुळे. मी तरुणपणी केलेला. चुकीचा केला, आणि चुकीचा आहे हे माहीत असून केला. तुझी मोटार मी जाळली. ती मी भरून देईन. आणि मी तुला सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर..." आणि मी गुडघे वाकवायला लागले. आमच्यात लहानांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे असतात. म्हाताऱ्या बाईनं आपल्या मुलाच्या वयाच्या माणसापुढे टेकणं ही गोष्ट बघितलेला माणूस वर्षभर सांगतो. कुणीतरी किंचाळलं. माझा एक गुडघा सिमेंटला लागतो न लागतो तोच लामिदीनं हातातली गादी टाकली आणि दंडासारखा पालथा पडला, छाती, कपाळ, सगळं जमिनीला. "इया, नको! आमचं आयुष्य कमी करता का? उठा! मोरियामो, उठव त्यांना!" तो जमिनीतच तोंड घालून ओरडत होता. मोरियामोनं मला काखेत धरलं. तिच्या पाठीवरचं जुळं मला बघून हसलं, त्याला काय कळतंय. मी उभी राहिले, पण माझा गुडघा टेकला होता, आणि मला हवं होतं तेवढं झालं होतं. "आता ऊठ," मी म्हटलं, "कपडे मळले, आणि इस्त्रीवाला तूच आहेस."

टेम्पोवाला म्हणाला, "मग सामान चढवायचं की उतरवायचं?" मोरियामो म्हणाली, "चढलंय तेवढं उतरवा," आणि मग माझ्याकडे बघून, मान तिरकी करून, "पण इया, पाणी अजून थंडच आहे." तिनं मला तेवढ्यावर सोडलं नाही हे मला आवडलं. मी पडवीत गेले, तिन्ही फ्यूज बसवले. कुठल्यातरी खोलीतून पोरांनी "आली! आली!" असा गिल्ला केला. माझ्या खोलीत नवा बल्ब लावला आणि ओरडले, "लामिदी, इस्त्री लाव! मास्तर, शेगडी लावा! ज्याच्याकडे जे आहे ते लावा!" मी बल्बखाली मान वर करून उभी राहिले. समोरून मास्तरांचा आवाज आला, "लावली!" लामिदीचा आला, "लावली, इया, तापतेय!" बल्ब जागचा हलला नाही. ना पांढरा झाला, ना लाल. साधा पिवळा, घरातल्या बल्बसारखा. मी त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की डोळे मिटले तरी तो दिसत राहिला. मग मी हळूच म्हटलं, "शाबास, अवेरो." दुसरं कोण म्हणणार होतं?

बातमी आमच्या वस्तीत पायांनी नाही, पंखांनी जाते. अंगणातलं सामान अर्धं आत गेलं नव्हतं तोच मिरचीची गिरणी सोडून वुराओला आली, कोपरापर्यंत हात लाल, डोळ्यांत पाणी, ते मिरचीचं की हसण्याचं कुणास ठाऊक. "इया इना," ती म्हणाली, "गुडघा टेकलात म्हणे! मी गिरणी बंद करून धावले तरी चुकलं." मी म्हटलं, "तमाशा संपला. गिऱ्हाईक खोळंबलं असेल, जा." ती गेली नाही. "ते राहू द्या. माझा बल्ब काल परत गेला. तुम्ही म्हणता गिरणी खाते. पण रविवारी गिरणी बंद असते, इया, आणि बल्ब रविवारीच गेला. सांगा, का जातो?" सवयीनं माझं बोट वर गेलं. अंगणातली माणसं थांबून ऐकायला लागली. एक, म्हणायला मी तोंड उघडलं, आणि ते स्वस्तातल्या बल्बावर आलं नाही.

"तुझ्या घरचा बोर्ड हात लावल्यावर गरम लागतो का?" मी विचारलं.

"लागतो की. मांजर त्याच्याखाली झोपतं."

"तारा कुणी ओढल्या होत्या तुझ्या घरात?"

वुराओलानं मास्तरांकडे बघितलं, मग लामिदीकडे. कुणी तिला मदत केली नाही. "तुम्हीच ना, इया," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले त्याच वर्षी. बावीस घरं तुम्हीच तर केलीत."

मी आत गेले, बाबांचा पेचकस कमरेला खोचला, आणि बाहेर येऊन लामिदीच्या हातात मास्तरांनी परत दिलेलं तांबड्या दोऱ्याचं रीळ होतं ते मागून घेतलं. "चल," मी वुराओलाला म्हटलं, "तुझ्यापासून सुरू करू. मांजराला उठव."